अण्णांच्या लाइनला धरलेली एअर आणि अनारशातली खसखस: आतडं आणि मूत्राशय जोडलं गेलंय, ऑपरेशनचे अनुभव सांगा

सांगलीचा_भिडू
२४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६६, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, डिझेल मेकॅनिक. बीपीची गोळी सोडली तर कसला आजार नाही. फेब्रुवारीत डाव्या बाजूला ओटीपोटात दुखायला लागलं, ताप पण होता, तीन आठवडे कमी-जास्त चाललं, गॅस असेल म्हणून ओवा, हिंग सगळं झालं आणि एक दिवस दुखणं आपोआप थांबलं. आम्ही म्हटलं सुटलो. तिथून पुढं लघवीचं सुरू झालं. जळजळ, वास, हुडहुडी भरून ताप. रिपोर्टमध्ये दरवेळी ई कोलाय, म्हणजे आतड्यातले जंतू. गोळ्यांचा कोर्स झाला की बरं वाटायचं, पंधरा-वीस दिवसांत पहिले पाढे. आठ महिन्यांत सहा कोर्स झाले, मध्ये प्रोस्टेटच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफीत एक बारका खडा दिसला म्हणून भरपूर पाणी प्या झालं.

अण्णा मात्र पहिल्यापासून एकच सांगत होते, "माझ्या लाइनला एअर धरलीय." डिझेल गाडीच्या लाइनमध्ये हवा शिरली की इंजिन कसं फटफट करत बंद पडतं तसं म्हणे लघवी संपता संपता फुसफुस करून हवा निघते. आम्ही हसायचो. डॉक्टरांना सांगायला गेले तर तेही हसले. खरं सांगायचं तर मीच एकदा म्हटलं, अण्णा लोकांसमोर असलं काय सांगताय.

तर दिवाळीनंतर परत ताप, परत लघवी तपासायला द्यायची, अण्णांनी बाटली आणून ओट्याजवळ ठेवली (आईने त्यावरून आधी शिव्या घातल्या). बाटलीच्या तळाला बारीक पांढरे दाणे बसलेले. अण्णा खूश, खडा फुटून पडतोय. आईने चष्मा लावला, बाटली उजेडाकडं धरली आणि म्हणाली, "अहो ही खसखस आहे. माझ्या अनारशाची."

लॅबवाल्याला वाटलं बाटली नीट धुतली नसेल. पण मिरजेला जे नवीन युरोलॉजिस्ट दाखवले त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एअरचं पण, आणि लगेच सीटी स्कॅन लिहिला. मूत्राशयात हवा निघाली. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणाचा भाग, तिथं डायव्हर्टिक्युला म्हणजे आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेले फुगे आहेत, ते सुजून आतडं मूत्राशयाला चिकटलंय आणि मध्ये भोक पडलंय. कोलोव्हेसायकल फिस्टुला असं लिहिलंय. ऑपरेशन करावं लागेल म्हणतात.

घरात एकच प्रश्न आहे, पोटावर मळाची पिशवी लावतील का? अण्णा म्हणतात पिशवी लावणार असाल तर आहे तसं राहू दे. कुणाच्या घरात झालंय का हे? दुर्बिणीतून होतं का?

माई_कोथरूड
२४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बापरे. काकूंना साष्टांग दंडवत. वाचतेय.

काडीपैलवान
२४ नोव्हेंबर, रात्री ११:३१

फिस्टुला म्हणजे भगंदर ना? मग ऑपरेशन कशाला, क्षारसूत्र करा की. आमच्या मेव्हण्याचं एका महिन्यात बरं झालं, दर आठवड्याला दोरा बदलायचा बास.

निवृत्त_सर्जन
२५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

काडीपैलवान, थांबा जरा. भगंदर गुदद्वाराजवळ असतं, एक तोंड आत आणि एक बाहेर कातडीवर, तिथं क्षारसूत्राचा उपयोग होतो हे मी सर्जन असून मान्य करतो. हे वेगळं. फिस्टुला म्हणजे दोन पोकळ्यांमधला चोरवाटेचा रस्ता, तो कुठंही पडू शकतो. इथं तो आतडं आणि मूत्राशय यांच्यात पडलाय, दोरा घालणार कुठून?

भिडू, तुमच्या अण्णांची केस शिकवायला घ्यावी अशी आहे. आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथं स्नायूचा थर विरळ असतो. सिग्मॉइड अरुंद, त्यात दाब जास्त, म्हणून त्या विरळ जागांतून आतलं अस्तर फुग्यासारखं बाहेर येतं. ट्यूबवर पातळ जागी फुगा येतो तसं, अण्णांना हे लगेच कळेल. असे फुगे पुष्कळांना असतात आणि जन्मभर पत्ताही लागत नाही. त्यातला एखादा सुजला, फुटला, पू झाला की भानगड. फेब्रुवारीत दुखत होतं तो गळू होता. आणि दुखणं "आपोआप थांबलं" ते बरं झालं म्हणून नाही, तर गळू शेजारच्या मूत्राशयात फुटून रिकामा झाला म्हणून. पेशंटला खरंच हलकं वाटतं, आणि सगळे फसतात. आतड्यातला दाब मूत्राशयापेक्षा जास्त, त्यामुळे वाहतूक बहुतेक एकाच दिशेने, हवा आणि मळ इकडून तिकडं. रोज सांडपाणी येतंय म्हटल्यावर जंतू मरणार कसे, गोळ्यांनी तेवढ्यापुरते दबतात.

आणि खसखशीचं ऐकून हसू नका. ही खरोखरची तपासणी आहे. संशय असला तर पेशंटला दह्यातून वगैरे खसखस खायला देतात आणि पुढचे दोन दिवस लघवी बघतात. दाणा पचत नाही, भोक असेल तर लघवीत उतरतो. स्कॅनमध्ये भोक प्रत्यक्ष दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, खसखस सहसा चुकत नाही. तुमच्या आईने ती तपासणी अनारशावर केली, एवढाच फरक. मात्र आता कुणी घरी हा प्रयोग करत बसू नका, लघवीतून हवा येत असेल तर सरळ डॉक्टरकडं जा आणि तेच शब्द वापरा, "लघवीतून हवा येते". कॅथेटर (लघवीची नळी) किंवा दुर्बीण घातलेली नसताना मूत्राशयात हवा असायचं सहसा कारणच नाही.

पिशवीबद्दल संध्याकाळी लिहितो, नातीला शाळेत सोडायचंय.

दुबईचा_बाळ्या
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

इकडं ही टेस्ट करायची सोय नाही बरं का 😀 खसखस बंदी आहे, पकडलं तर टेस्ट जेलमध्ये. बायको दरवर्षी अनारसे साखरेवर थापते.

भिडू, अण्णांना लवकर बरं वाटो. एअर काढायला स्क्रू ढिला करतात तेवढंच माहीत होतं.

माई_कोथरूड
२५ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

साखरेवर अनारसे?? या विषयावर वेगळा धागा काढा, इथं पेशंटचं चाललंय.

निवृत्त_सर्जन
२५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

हं, पिशवी.

लोकांच्या डोक्यात पिशवी बसलीय ती हार्टमन ऑपरेशनमुळे. आंरी हार्टमन हे पॅरिसचे सर्जन, त्यांनी १९२१ मध्ये हे सांगितलं, मूळ कॅन्सरसाठी. खराब आतडं कापायचं, खालचं टोक शिवून बंद करायचं आणि वरचं टोक पोटावर आणायचं, पिशवी तिथं लागते. डायव्हर्टिक्युलम फुटून पोटभर पू किंवा मळ झालेला असतो, पेशंट गार पडलेला असतो, अशा वेळी जोड टिकत नाही म्हणून हे करतात. मॉन्ट्रियलच्या हिंची यांनी १९७८ मध्ये पायऱ्या पाडल्या त्या अजून वापरतात: एक म्हणजे आतड्यालगतचा गळू, दोन म्हणजे लांब ओटीपोटात गेलेला गळू, तीन म्हणजे पोटभर पू, चार म्हणजे पोटभर मळ. भीती तीन-चारची.

अण्णांचं यात नाहीये. त्यांचा पू केव्हाच निघून गेला, ते चालत-बोलत आहेत, तयारीला वेळ आहे. अशा ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा एकाच खेपेत काम होतं, खराब सिग्मॉइड काढायचं आणि दोन टोकं तिथंच जोडायची. पूर्वी तीन-तीन ऑपरेशनं करायचो, आधी पिशवी, मग कापणं, मग पिशवी बंद. मी शिकत होतो तेव्हा पेशंटचं वर्ष त्यात जायचं. आता क्वचित, आत फारच चिकटलेलं असलं किंवा जोडाची खात्री वाटली नाही तर थोड्या महिन्यांसाठी पिशवी लावतात, म्हणून संमतीपत्रावर तो शब्द असतोच. सही करताना घाबरू नका, पण "नकोच" असंही सर्जनला बांधून घालू नका.

मूत्राशयाचं भोक बहुतेकदा बोटाने सोडवतानाच कळतं, इतकं लहान असतं की कधी कधी सापडतही नाही. मोठं असलं तर दोन टाके. आठ-दहा दिवस कॅथेटर ठेवला की ते आपणहून भरतं. दुखणं मूत्राशयाचं नाहीच, आतड्याचं आहे, ते राहिलं तर भोक परत पडणार.

सर्जनला दोन गोष्टी जरूर विचारा. ऑपरेशनआधी कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करणार ना? भोक त्यात दिसलं नाही तरी चालेल पण आतड्याचा कॅन्सर अगदी हेच सोंग घेऊन येतो, तो नाही ना हे बघावं लागतं. आणि खालचा काप कुठं घेणार? मोठ्या आतड्यावर तीन उभ्या पट्ट्या असतात, त्या जिथं पसरून नाहीशा होतात तिथून गुदाशय सुरू होतो. जोड तिथं पाहिजे. सिग्मॉइडचा तुकडा खाली ठेवून वर जोडलं तर आजार परत यायची शक्यता वाढते. वरच्या बाजूला मात्र प्रत्येक फुगा काढायच्या मागे लागायचं नसतं, मऊ निरोगी आतडं मिळालं की बास.

केतकी_लीड्स
२६ नोव्हेंबर, पहाटे ३:१८

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. नाव माहीत नाही कुणाला इथं, म्हणून लिहिते.

मला असाच रस्ता पडला होता पण मूत्राशयात नाही, योनीमार्गात. माझं गर्भाशय काढलेलं आहे, १२ वर्षं झाली. सुरुवातीला नुसता घाण वासाचा स्राव, मी पॅड लावून फिरायचे, परफ्यूम मारायचे, नवऱ्याला सांगितलं नाही. मग एक दिवस ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये बसले असताना तिथून आवाज करत गॅस गेला. त्या दिवशी घरी येऊन बाथरूममध्ये रडले. इथल्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने) तीन वेळा इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या, चौथ्या वेळी मी सगळं, म्हणजे सगळं, कागदावर लिहून नेलं आणि तो कागद तिच्यासमोर ठेवला कारण तोंडाने इंग्लिशमध्ये पण बोलवेना.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, सिग्मॉइड काढलं, पिशवी लागली नाही, योनीकडचं भोक शिवलंसुद्धा नाही, मध्ये पोटातल्या चरबीची झालर आणून ठेवली की परत चिकटू नये. सहाव्या दिवशी घरी. आता दोन वर्षं झाली. साडी नेसून गणपतीला गेले होते मंडळात, इतकंच सांगते.

निवृत्त_सर्जन
२६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

केतकीताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बायकांमध्ये आतडं आणि मूत्राशयाच्या मध्ये गर्भाशय आडवं असतं म्हणून मूत्राशयाचा रस्ता पुरुषांत जास्त दिसतो. गर्भाशय काढलेलं असलं की आडोसा जातो, आणि मग योनीमार्गाचा रस्ता पडू शकतो. झालर म्हणालात ती ओमेंटम, सर्जनचा जुना मित्र आहे तो.

टोपणनाव_नाही
२६ नोव्हेंबर, दुपारी १:५०

डॉक्टर, मला सांगितलं होतं की बिया असलेलं काही खायचं नाही, पेरू टोमॅटो वांगं शेंगदाणे सगळं बंद, त्या फुग्यात बी अडकते म्हणे. चार वर्षं दाण्याचं कूट खाल्लेलं नाही हो मी, सोलापूरचा माणूस आहे.

निवृत्त_सर्जन
२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

अरेरे. हे आम्हीच सांगायचो, मीही सांगितलंय शेकडो लोकांना. मग अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांवर १८ वर्षं लक्ष ठेवून २००८ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हा आजार जास्त झाला नाही, दाणे आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांना उलट कमीच झाला. सुजेचा झटका चालू असताना हलकं खा, एरवी तुमच्या डॉक्टरांना विचारून चटणी सुरू करा.

टोपणनाव_नाही
२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३४

चार वर्षं!!!

पिशवीवाला_बापू
२७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

भिडू, तुमच्या अण्णांना माझं सांगा. माझं २०१९ ला फुटलं. डॉक्टरांनी वर जी पायरी चौथी सांगितली ती. बार्शीहून सोलापूरला नेईपर्यंत मला शुद्ध नव्हती, रात्री दोनला हार्टमन केलं, उठलो तेव्हा पोटावर पिशवी. पहिला महिना बघायचोच नाही तिकडं, बायको बदलायची. मग शिकलो. ती चकती येते तिला आपल्या मापाचं भोक कात्रीने कापायचं, जास्त मोठं कापलं की कातडी जळते, लहान कापलं की आतडं दाबतं, सुपारीएवढं माप होतं माझं. एकदा एसटीत सुटली, उन्हाळ्याचे दिवस, ती गोष्ट नंतर कधी. आठ महिन्यांनी परत जोडलं. ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं म्हणाले आणि बऱ्याच जणांचं राहूनच जातं, वय झालेलं असतं, धाडस होत नाही. माझं झालं. पण पिशवीनेच मी जगलो हे पण खरं आहे, तिला शिव्या देणार नाही.

काडीपैलवान
२७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

बापू 🙏 क्षारसूत्राचं मागे घेतो.

अभ्यासू_मुलगी
२८ नोव्हेंबर, दुपारी १२:२२

मी सर्जरीला रेसिडेंट आहे, थोडी भर. आमच्याकडे गेल्या महिन्यात एक आजी आल्या, पोट फुगलंय म्हणून, एक्स-रेमध्ये फुटबॉलएवढा काळा हवेचा फुगा. सगळ्यांना आतड्याला पीळ पडलाय असं वाटलं. निघाला राक्षसी डायव्हर्टिक्युलम, ४ सेंटीमीटरच्या वर गेला की तसं म्हणतात, जगभरात मोजून नोंदी आहेत. तोंडाशी झडपेसारखं होतं, हवा आत जाते बाहेर येत नाही, म्हणून फुगत जातो. नुसता फुगा कापत नाहीत, तेवढं आतडं पण काढतात. तिघे जण फोटो काढायला धावले, आजी म्हणाल्या माझं लग्न आहे का.

आणि आपल्याकडे हे फुगे उजव्या बाजूलाही बरेच सापडतात, ते सुजले की डिट्टो अपेंडिक्स वाटतं.

सांगलीचा_भिडू
२१ जानेवारी, रात्री ११:५५

मंडळी, उशीर झाला, माफी. झालं ऑपरेशन, ८ जानेवारीला. सूज उतरायला सहा आठवडे थांबवलं होतं. कोलोनोस्कोपीत कॅन्सर नाही निघाला, आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली नीट.

साडेचार तास लागले. दुर्बिणीतून सुरू केलं. भूल दिल्यावर आधी युरोलॉजिस्टनी खालून दुर्बीण घालून डाव्या मूत्रवाहिनीत नळी सरकवून ठेवली, म्हणजे त्या चिकटलेल्या गोळ्यात ती हाताला लागेल आणि चुकून कापली जाणार नाही. मग आतडं मूत्राशयापासून सोडवलं. भोक दिसेना तेव्हा कॅथेटरमधून निळं औषध भरलं, एक थेंब निळा दिसला, तिथं टाके घातले. २० सेंटीमीटर आतडं गेलं. वरचं आतडं खाली आणायला प्लीहेजवळचं वळण पण सोडवावं लागलं म्हणाले.

अण्णांना जे ऐकून सगळ्यात बरं वाटलं ते हे. आतडं मशीनने जोडल्यावर सर्जननी ओटीपोटात पाणी भरलं आणि खालून हवा सोडली, बुडबुडे येतात का बघायला. अण्णा आयसीयूतून बाहेर आल्यावर सर्जन स्वतः हे सांगत होते तर अण्णा म्हणाले, "म्हणजे बादलीत ट्यूब बुडवून बघितली." सर्जन म्हणाले अगदी तेच. त्या दिवसापासून अण्णांचा त्यांच्यावर विश्वास बसला, आधी एवढा नव्हता.

पिशवी नाही लागली.

सगळं गोड झालं असं नाही. चौथ्या दिवशी पोट टम्म फुगलं, उलट्या, आतडं हलेना, नाकातून नळी. मला वाटलं जोड सुटला. परत स्कॅन, जोड ठीक होता, आतडं नुसतं रुसलं होतं. दोन दिवसांनी पहाटे पाचला अण्णांना गॅस सरला आणि वॉर्डातल्या सिस्टरने टाळी वाजवली, खोटं नाही सांगत. जखमेत थोडा पू झाला, दोन टाके काढून रोज ड्रेसिंग चालू आहे. दहाव्या दिवशी मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढला, गळती नाही, मग कॅथेटर काढला.

बिलाचं व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंय दोघांनी, तिथं कळवतो. जन आरोग्य योजनेतून आमचं जमलं नाही, पण ज्यांना करायचंय त्यांनी ऑपरेशन ठरायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, आम्ही अॅडमिट झाल्यावर गेलो.

माई_कोथरूड
२२ जानेवारी, सकाळी ८:१०

वाचून हुश्श झालं. आणि एअर?

सांगलीचा_भिडू
२२ जानेवारी, सकाळी ८:४५

कॅथेटर काढल्यावर अण्णा बाथरूममध्ये गेले, मी दाराबाहेर, बराच वेळ काही आवाज नाही. मी विचारलं काय झालं. आतून म्हणाले, "गप रे. ऐकतोय."

नवीन_सभासद_कराड
३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

धागा वाचून आज काकांना फोन केला, त्यांना वर्षभर लघवीचं इन्फेक्शन होतंय. सहज विचारलं हवा येते का हो. म्हणाले येते की, त्यात काय, वयामुळं असेल. डॉक्टरांना सांगितलं का तर म्हणे त्यांनी विचारलं नाही. मंगळवारी घेऊन जातोय. सीटी आधी की सोनोग्राफी?

निवृत्त_सर्जन
४ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

सीटी. आणि त्याआधी कुणाला कॅथेटर घालू देऊ नका, नाहीतर हवा कुठून आली यावरच वाद होईल.